येसूचा अर्ज

बोट देवगडला एक दिवस उशिरा पोचली. पडावातून (किनाऱ्याला नेणारी होडी) उतरताना साडी गुडघ्यापर्यंत भिजली आणि मुंबईला निघालेल्या हापूसच्या पेट्यांतून वाट काढत मी धक्क्यावर आले. शुक्रवारची दुपार झाली होती. काम गुरुवारीच उरकायचं होतं, त्यामुळे जीव टांगणीला लागला.

महिला मंडळाच्या कामात इतकी वर्षं काढली, पण असा खोटेपणा पाहिला नव्हता. देवगडच्या येसूच्या नवऱ्याने 'बायको वारली' असं सांगून मुंबईत दुसरं लग्न ठरवलं होतं. ते आठ दिवसांवर आलं होतं. कायद्याने थांबवता येत होतं. येसूचा अर्ज तेवढा हवा होता.

मला पत्र लिहिलं होतं इथल्या शिक्षिका कामतबाईंनी. उतरले त्यांच्याकडेच. जेवायला सुंगटं (कोळंबी) होती. मी वाटी बाजूला सारली.

"काय चुकला गो माझा?" त्या हिरमुसल्या.

"आम्ही बेने इस्रायल, ज्यू. खवलं नसलेली मासळी आम्हाला चालत नाही."

मग बांगडा आला, सोलकढी आली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

गुरुवार हुकल्यावर आता येसूला घराबाहेर पडता येणार होतं ते शनिवारी सकाळीच, सासू जामसंड्याला लेकीकडे गेल्यावर. आणि शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. त्या दिवशी मी लेखणी धरत नाही. कामतबाईंची सकाळची शाळा होती, म्हणजे लिहायला त्याही नव्हत्या.

येसू पाण्याच्या निमित्ताने घागर घेऊनच आली. देवाची मनात क्षमा मागून मी कागद पुढे ओढला, पण हात काही चालेना.

"काय झाला, बाई?"

"आज आमच्यात लिहीत नाहीत. असू दे, लिहिते मी."

तिने कागद स्वतःकडे घेतला. "माझ्यासाठी तुमचो शनवार मोडू नकात. कामतबायनी माका अक्षरा शिकवल्यानी."

चार ओळींना तिला अर्धा तास लागला. एके ठिकाणी टाकाने कागद फाटला. 'मी येसू. मी जिती आसय. माजो घोव (नवरा) खोटा सांगता.' खाली सही. मला रडू आवरेना.

रविवारच्या बोटीने परतले. मंडळातली सहकारी तो अर्ज शुद्ध मराठीत उतरवायला बसली. मी तिला उठवलं. कोर्टात जाण्याआधी तोच कागद घेऊन ठरलेल्या नवरीच्या वडिलांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे तिनं स्वतः लिहिलंय?"

"माझ्यासमोर."

दारातला मांडव त्याच दिवशी उतरला.

आजवर मी कितीतरी बायकांचे अर्ज लिहिले, सगळे नीटनेटके, 'अर्जदार ही' असे सुरू होणारे. त्या शनिवारी माझा हात चालला असता, तर 'मी जिती आसय' हे कुणी वाचलंच नसतं.