इथे तास संपवू नये

बायको गेल्यावर तिची पुस्तकं मी बोईसरजवळच्या तिच्याच शाळेला दिली. तिथे शिकवताना ती पोरांना हीच पुस्तकं वाचून दाखवायची. घरात ती नुसती पडून राहिली असती.

या जूनमध्ये त्यांतल्या एका कादंबरीवरून पालकांची बैठक झाली. मलाही बोलावलं. कोणीतरी एका पानाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. पानाच्या शेवटच्या ओळीत डोंगरपाड्यावरचा एक मुलगा ताडीचा द्रोण हातात घेतो. तिथे पान संपतं.

"काका, पुस्तक चांगलंच असंल," शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पण पोरांना ताडी कशाला?"

"तो पीत नाही. आजोबा गेलेत त्याचे. पुढच्या पानावर त्यांच्या नावानं तो ती जमिनीवर सांडतो, आणि रिकामा द्रोण घेऊन घरी जातो."

"फोटोत तसं नाय."

"फोटो एकाच पानाचा आहे."

मागून एक आई म्हणाली, "ताडी काय पुस्तकातून शिकायला लागते व्हय आमच्याकडं?" सगळे हसले. मला वाटलं, आता कोणीतरी पान उलटेल. पुस्तक टेबलावरच होतं. हसणं थांबलं आणि फोन पुन्हा हातोहात फिरू लागला.

शेवटी मीच पुस्तक उघडलं. त्या पानाच्या तळाशी बायकोच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'इथे तास संपवू नये.' वाचून दाखवायच्या प्रत्येक पुस्तकात ती अशा खुणा करायची. घंटा भलत्या जागी झाली, तर पोरं अर्धीच गोष्ट घरी नेतात म्हणून. फोटो काढणाऱ्याने नेमका तेवढा तळ कापला होता.

अध्यक्षांनी ती ओळ वाचली. "म्हंजे बाईंना पण ठाऊक होतं, हितं गडबड हाय."

पुढच्या पानाचं मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. माझा आवाज चढला तसे सगळे माझ्याकडे सहानुभूतीने बघू लागले. नुकतीच बायको गेलेला माणूस. चहा आला.

मुख्याध्यापकांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "एवढं एकच न्या, काका. बाकीची राहू देत. मॅडमची आठवण आहे."

बाकीची तिथेच आहेत. त्यांतही तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या पानांचे फोटो अजून कोणी काढलेले नाहीत.