वाचनालय कोणी वाचवलं?

शबनम मुलाणीला चालता चालता तंद्री लागायची. कसबा पेठेतल्या घरातून निघून कॉलेजात पोचेपर्यंत ती अर्धी रस्त्यावर, अर्धी त्या दिवशीच्या धड्यात असे. बारावीला ती राज्यशास्त्र शिकवायची. लोकशाहीत सत्ता नक्की कोणाच्या हाती असते, हा तिचा लाडका धडा. कोणी म्हणतं, ती अनेक गटांत वाटली गेलेली असते. कोणी म्हणतं, पक्ष कुठलाही येवो, वरची मूठभर माणसंच ठरवतात. आणि कोणी म्हणतं, ज्याचं भांडवल त्याची सत्ता. तिन्ही मतं ती इतक्या जिव्हाळ्याने सांगायची की मुलांना कळायचंच नाही, मॅडम कोणाच्या बाजूने आहेत.

आणि एके दिवशी गल्लीतल्या वाचनालयावर नोटीस लागली. इमारत पाडून तिथे वाहनतळ होणार होता.

दोनच खोल्या होत्या त्या. उन्हं कलली की रंगीत काचांतून टेबलांवर निळा-पिवळा उजेड सांडायचा. शबनमचं सगळं लहानपण त्या उजेडात, पुस्तकात डोकं खुपसून गेलेलं.

निवडणुका लांबल्यामुळे पालिकेत तेव्हा नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. म्हातारे ग्रंथपाल आप्पासाहेब यांना घेऊन ती थेट कचेरीत गेली.

"साहेब, हे ठरवलं कोणी?"

"फाइल वरून आली, मॅडम."

"वर म्हणजे कोण?"

अधिकाऱ्याने फाइल मिटून बाजूला सारली. "खरं सांगू? मलाही माहीत नाही."

जिना उतरताना आप्पासाहेब म्हणाले, "छान! म्हणजे आपलं वाचनालय देवच पाडतोय."

शबनमला हसू आलं, पण रात्रभर डोळा लागला नाही. रविवारी सकाळी तिने वाचनालयाची टेबलं गल्लीत मांडली आणि ती मोठ्याने वाचायला बसली. आधी शेजारणी थबकल्या, मग तिचे विद्यार्थी आले. पुढच्या रविवारी गणपती मंडळाचा अध्यक्ष पृथ्वीराज येऊन उभा राहिला.

"ताई, वाचनाचं मला काही कळत नाही. पण वाहनतळाचं फाटक आमच्या मांडवाच्या जागेवर येतंय. आम्ही तुमच्यासोबत."

मग वर्तमानपत्रात फोटो आला. कुजबुज अशीही होती, की वाहनतळाच्या ठेकेदाराला यात फायदाच दिसेना.

महिन्याभराने पालिकेची नवी नोटीस आली. काम 'पुढील आदेशापर्यंत स्थगित' झालं होतं. संध्याकाळपर्यंत चौकात एका माजी नगरसेवकाचा फ्लेक्स झळकला : 'शब्द दिला, शब्द पाळला!' हा गृहस्थ त्या गल्लीत कधी फिरकलाही नव्हता.

वर्गात मैत्री नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मग त्या तीन मतांपैकी कोणतं बरोबर निघालं?"

शबनम खिडकीबाहेर बघत राहिली. मंडळ, वर्तमानपत्र, ठेकेदार, ती न दिसणारी 'वरची' माणसं, सगळी तिच्या डोळ्यांपुढून धुक्यातल्यासारखी सरकून गेली.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "पण आपण टेबलं मांडली नसती, तर हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती."

थंडीत एकदाची निवडणूक झाली. शाळेच्या पटांगणात रांग हळूहळू सरकत होती. पहिल्यांदाच मत द्यायला आलेली मैत्री शबनमच्या पुढेच होती. ती मागे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, आत गेल्यावर कसं वाटतं हो?"

"अगदी शांत," शबनम म्हणाली. "क्षणभर वाटतं, सगळं शहर आपण काय म्हणतोय ते ऐकायला थांबलंय."

मैत्रीने ओढणी सारखी केली आणि ती आत गेली.