सैल टाके

बाजारात घेतलेला लोकरीचा गुंडा मी परत करायला गेले होते. धागा मध्येच जाड, मध्येच बारीक होता आणि त्यात एक वाळकं कुसळही निघालं होतं. तक्रारीचं वाक्य मी वाटेत दोनदा मनात जुळवलं.

विकणाऱ्या धनगर मावशी टकळीवर सूत कातत बसल्या होत्या. त्यांनी माझा गुंडा घेतला आणि धागा बोटांमधून सोडत पाहिला.

"कुसळ मेंढीनं माळावरनं आणलंय," त्या म्हणाल्या. "आन् जाड झालंय तिथं मी सुनंशी बोलत हुते. मुकाट्यानं कातलं की एकसारखं येतंय बघ, पोरी."

मी जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन परतले, गुंडाही. तो माळ, ती मेंढी, पिंजलेली लोकर, सासूसुनांचं बोलणं, सगळं आता माझ्या सुयांवर होतं. माझी वीण मात्र नेहमी एकसारखी येते. सगळे तिचं कौतुक करतात.

आज आई शेजारी येऊन बसली. विणता विणता मी तिला मावशींचं सांगितलं, मग बरेच दिवस सांगायचं राहिलेलं आणखी काही. तेवढ्यात तीन टाके सैल पडले.

ते मी उसवले नाहीत.