पंगतीतला लहान पाव्हना

चुलीवरच्या वांग्याच्या भाजीचा वास आला, की मला अनसिंग गावातलं एक लग्न आठवतं. मांडवात पंगत बसली होती. मी दुसरा घास उचलला आणि मांडीवरचं माझं लेकरू भुकेनं रडायला लागलं, म्हणून पदर ओढून त्याला पाजायला घेतलं. तेवढ्यात बुंदीची बादली घेऊन वाढणारे नवरीचे काका समोर थांबले. "बाई, अंदर जाऊन पाजा नं. इथं माणसं जेवून राह्यले." आत म्हणजे तापलेल्या टिनांची खोली, सामानानं भरलेली. तरी मी ताट सोडून उठायला लागले. शेजारी सासूबाई होत्या. घरात माझ्या डोक्यावरचा पदर जरा घसरला तरी त्यांना खपत नसे. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "माणसं जेवून राह्यले, तं हे कोन व्हय?" त्यांनी काकांना विचारलं. "तुमच्या पंगतीतला सगळ्यात लहान पाव्हना हाय हा. त्याले उपाशी उठवता का?" काका माझ्या ताटात बुंदी वाढून पुढं गेले. आता सासूबाई नाहीत. परवा एका लग्नात एक पोरगी रडतं लेकरू घेऊन तशीच उठायला लागली. मला त्यांच्यासारखं बोलता आलं नाही. मी नुसता तिचा हात धरला.