पेढे आणि पितळी पाटी

मुलीला जर्मनीतल्या एका जुन्या, नावाजलेल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा मी लंडनच्या एजवेअर भागात ओळखीच्या प्रत्येक घरी पेढे वाटले. प्रवेश तिला, तोरा मला. शेजारी एक ज्यू आजी एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे खुर्चीत टेकायच्या आत माझं सुरू झालं: शेकडो वर्षांचा इतिहास, अमके नोबेलवाले, तमके तत्त्ववेत्ते. वेबसाइटवरून सगळं पाठ केलं होतं. नाझी काळावरचा परिच्छेद तेवढा मुद्दाम गाळला.

आजींनी पेढा खाल्ला, बोटं पुसली. "माझे वडील तिथे रसायनशास्त्र शिकवायचे," त्या म्हणाल्या. "एका सकाळी त्यांना दारातूनच परत पाठवलं."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. त्यांनीच माझा हात धरला. "काढून टाकलेल्यांच्या नावांची पाटी लावलीय म्हणे तिथे. मुलीला बघायला सांगशील? वडिलांचं नाव आहे का, एवढंच."

"नक्की सांगते," म्हणाले आणि सांगितलं नाही. इराक युद्धाविरुद्धच्या मोर्च्याला शाळा बुडवून गेलेली पोरगी. हे कळलं तर तिथे पाऊल टाकणार नाही, अशी भीती वाटली. एकदा रुळली की सांगू म्हटलं. रुळल्यावर वाटलं, आता विचारेल, इतके दिवस का लपवलंस?

आजी कुंपणापाशी विचारायच्या, "काही कळलं?"

"परीक्षा चालू आहेत हो तिच्या."

तीन वर्षं परीक्षाच चालू होत्या. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि मला चक्क हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

पुढच्या हिवाळ्यात आजी गेल्या. उन्हाळ्यात आम्ही पदवीदानाला गेलो. मुख्य इमारतीत, जिन्यापाशीच, पितळी पाटी होती. आजींच्या वडिलांचं नाव वरून चौथं होतं.

"आई, काय बघतेस? लेट होतंय."

मी तिथेच, साडीचा पदर मुठीत धरून, तिला सगळं सांगितलं.

"ही पाटी आम्हाला फर्स्ट डेलाच दाखवली होती," ती म्हणाली. "तू एक टेक्स्ट केला असतास, तर मी त्याच दिवशी आजींना फोटो पाठवला असता."