पर्यवेक्षिकेचं फ्रेंच

"अहो, इकडे या. इथे उभ्या राहा आणि हा परिच्छेद वाचा. मोठ्याने."

फ्रेंचच्या मॅडम मला हे म्हणाल्या तेव्हा अभ्यासाच्या हॉलमध्ये साठ मुली होत्या. आठवी ते दहावीच्या. मी त्यांची पर्यवेक्षिका. वय वर्षं एकोणतीस. शाळेतल्या मुलीसारखी पुस्तक हातात धरून उभी राहिले.

मुलींची निवासी शाळा. पुण्यातली, नाव असलेली. संध्याकाळी पाच ते सात मुलींनी अभ्यासाला बसायचं आणि मी त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. हजेरी घ्यायची. मोबाइल गोळा करायचे. एका वेळी एकीलाच बाथरूमला सोडायचं. शिकवणाऱ्या त्या मॅडम. मी ताई. मुलींना हा फरक कुणी शिकवला नव्हता, पण एकही मुलगी कधी चुकली नाही.

माझा गुन्हा सांगते. नववीतल्या शीतलने मला वही दाखवली होती. मॅडमनी लिहून दिलेलं वाक्य होतं, 'ती बाजारात गेली.' फ्रेंचमध्ये तिथे बाईसाठी क्रियापदाला शेवटी एक जादा अक्षर लागतं. बोलताना ऐकू येत नाही, पण लिहावं लागतं. मॅडमच्या वाक्यात ते नव्हतं. मी पेन्सिलीने घातलं. शीतल भोळी. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाली, "ताईंनी चूक दुरुस्त केली."

म्हणून हे वाचन.

मी वाचलं. तिसऱ्या ओळीला मॅडमनी हात वर केला. "हा र घशातून येतो. तुमचा अजून खडकीतच आहे." हॉल हसला. मग त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात आपलं?"

मी सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

एवढंच. पुण्यात याच्या पुढे बोलायची गरज नसते. त्या 'बरं'मध्ये माझी जात, माझी खडकीतली वस्ती, तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेले माझे वडील, सगळं आलं. वर म्हणाल्या, "मुली गप्प बसल्यात का ते बघा. तेवढं जमेल."

आणि मी काय म्हटलं? "सॉरी मॅडम."

माझं एम.ए. फ्रेंचमध्ये झालंय. अर्जात लिहिलं होतं, गुणपत्रिका जोडली होती. "सध्या पर्यवेक्षिकेचीच जागा आहे, शिक्षिकेची निघाली की बघू," असं सांगून मला घेतलं. मधल्या काळात दोनदा जागा निघाली, दोनदा भरली. मला कळलं ते नव्या बाईंच्या स्वागताचा चहा झाल्यावर. मॅडम मात्र कधीतरी दोन वर्षं पॅरिसला राहून आल्या होत्या, आणि ती दोन वर्षं अजून संपली नव्हती. पाव कसा तोडायचा हेही त्या मुलींना शिकवत. वर्गाला लिहून दिलेली ती ओळ त्यांनी शेवटपर्यंत चुकीचीच ठेवली. एका अक्षरासाठी माझ्यासारखीचं ऐकायचं म्हणजे त्यांना केवढा विटाळ.

त्यानंतर कुणी काही विचारलं की मी म्हणायची, "मॅडमना विचार. मला येत नाही." शीतललाही तेच म्हटलं. ती वारज्याच्या पलीकडच्या गावातली, शिष्यवृत्तीवर आलेली. वही बंद न करता तशीच उभी राहिली.

"तुमाला येतंय ताई. मला माहीत हाय. खोटं कशाला बोलताय?"

चौदा वर्षांची पोर. माझ्या तोंडावर बोलली आणि बरोबर बोलली. मॅडमच्या त्या 'बरं'ने जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी तेव्हा वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी तिला शिकवू लागले. दुपारी, कपडे वाळत घालायच्या गच्चीवर, अर्धा तास. पण लपून. एवढीच माझी हिंमत.

सहामाहीत शीतलने फ्रेंचचा निबंध बिनचूक लिहिला आणि मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. केबिनमध्ये मॅडम बसल्या होत्या. शीतल भिंतीशी उभी. टेबलावर एक टाइप केलेला कागद. परीक्षेच्या हॉलमध्ये मी होते, तेव्हा शीतलला कॉपी करताना मी पाहिलं, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझं नाव. सहीची जागा मोकळी.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हटलं.

"लक्ष नसेल तुमचं," मॅडम म्हणाल्या. "या मुलीला मराठी धड बोलता येत नाही. ती असं फ्रेंच लिहील?"

मुख्याध्यापिका समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सही करून टाका. ताकीद देऊन सोडू तिला. फार तर शिष्यवृत्ती जाईल."

फार तर. जणू रुमाल हरवणार होता.

शीतल माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती. मी सही करणार हे तिने धरूनच टाकलं होतं. माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

"लक्ष होतं माझं," मी म्हटलं. "पहिल्या बाकावर दोघी बोलत होत्या. त्यांची नावं मी त्याच दिवशी लिहून दिली. एक विश्वस्तांची पुतणी आहे. तो कागद कुठे गेला?"

मुख्याध्यापिकांनी टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला.

"आणि शीतलला फ्रेंच मी शिकवलंय."

"कुणी?" मॅडमनी विचारलं.

"मी. तुमच्यापेक्षा बरं शिकवलंय. तिला आत्ता, इथेच, कुठलाही विषय द्या."

विषय दिला, 'माझी आई.' शीतलने उभ्याउभ्या पान भरलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. चूक शोधत होत्या. सापडली नाही. तेव्हा म्हणाल्या, "पाठ केलेलं दिसतंय."

मला हसू आलं. खरंखुरं. इतकी वर्षं मी या बाईला घाबरत होते?

शीतलचे गुण राहिले. शिष्यवृत्ती राहिली. माझं कंत्राट मात्र वाढवलं नाही. कारण दिलं, 'संस्थेची शिस्त.' अनुभवाचा दाखला मागितला, तर म्हणाले, मॅडमना लेखी माफी द्या आणि दाखला घेऊन जा. माफीचा मसुदाही त्यांनीच टाइप करून ठेवला होता. टाइप करायची फार हौस त्या ऑफिसला. मी तो त्यांच्यासमोर फाडला आणि बाहेर पडले.

आता मुलाखतीला जाते तेव्हा पहिला प्रश्न दाखल्याचाच असतो. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत घडलं ते सगळं सांगितलं. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही. दुसरीकडे एक गृहस्थ आपुलकीने म्हणाले, "अहो, दाखला हरवला म्हणून सांगत जा. कशाला उगाच?"

हरवलेला नाही. दिलेला नाही. का दिला नाही, कुणी दिला नाही, हे मी त्या गृहस्थांना पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. सोमवारी तिसरी मुलाखत आहे. तिथेही सांगणार.