जिभेवरची ओळख

महाराष्ट्र मंडळात नवीन आलेली कुणीतरी देचेनला हमखास विचारते, "इतकं छान मराठी कुठे शिकलात?" "गोंदियाकडे," असं ती सांगते आणि समोरचीचा चेहरा बघण्यासारखा होतो. तिथल्या तिबेटी वसाहतीत ती जन्मली, नागपूरच्या कॉलेजात सुबोधशी सूत जुळलं आणि आता सिंगापुरात, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये ती आठ वर्षांच्या वल्लरीचा डबा भरते.

तिच्या वडिलांना तिबेटातल्या रानवनस्पतींची खडान्‌खडा माहिती. देचेनने ते डोंगर कधी पाहिलेच नाहीत. तिला त्या वनस्पती फक्त वाळलेल्या ठाऊक, त्याही नाकाने आणि जिभेने. वडील तिला डोळे मिटायला लावत. आधी वास घ्यायचा, कारण त्यांच्या मुळांच्या पिशवीत बचनागही असे आणि त्या विषाला जीभ लावायची नाही. मग बाकीच्यांची कणभर चव. पुरचुंड्यांवर नावं लिहायची सक्त मनाई. "चिठ्ठी लावली की जीभ आळशी होते," म्हणत. भाऊ कंटाळून पळून जाई. देचेन मात्र कधी चुकली नाही.

मग कोविडमध्ये तिला वास येईनासा झाला, चवही गेली. दोन्ही परतलीच नाहीत. खारट आमटी सुबोध निमूट गिळतो. वडिलांना मात्र तिने शेवटपर्यंत कळू दिलं नाही. "जीभ शाबूत आहे ना?" असं ते फोनवर विचारत आणि ती बेधडक "हो" म्हणे.

या हिवाळ्यात ते गेले. ती वसाहतीत गेली तेव्हा भावाने त्यांची कातडी पिशवी तिच्या हाती ठेवली. "तुझ्याशिवाय कोण ओळखणार?"

परत आल्यावर तिने ओट्यावर पुरचुंड्या सोडल्या. सगळी करडी, सुरकुतलेली मुळं. एकेक नाकाशी धरली. काहीच नाही. यातलं विष कुठलं?

"आई, मी टेस्ट करून सांगते ना. आय कॅन, लाह!" वल्लरीने एक मूळ उचललंसुद्धा.

देचेनने तिच्या हातावर सणसणीत फटका मारला. आजवर कधी हात उगारला नव्हता. पोर रडत खोलीत पळाली. देचेनने भिंतीतल्या, थेट खाली जाणाऱ्या कचऱ्याच्या शूटचं झाकण उघडलं आणि ओट्यावरची सगळी मुळं पिशवीसकट त्यात लोटली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ओळखलीस ना सगळी?"

"हो," ती म्हणाली.

"मग आता वल्लरीला शिकव," भाऊ म्हणाला.